मामंजींच्या नावाची तोंडी परीक्षा

आदरणीय नोझुकोवन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार.

पाकीट फोडण्याआधी त्याची मागची कड पाहिलीत का? चिकटवून झाल्यावर मी जोडावर पेनाने एक आडवी रेघ मारली आहे. ती जुळत नसेल तर वाटेत कोणीतरी पत्र वाचलं असं समजा. (फोन केला नाही, कारण फोन चार्जिंगला दुकानात द्यावा लागतो, आणि तो परत येतो तेव्हा माझ्या नातेवाइकांची खुशाली दुकानदारच मला सांगतो.)

गुडघा आता बरा आहे असं तुम्ही मागच्या पत्रात कळवलंत. ते मी तूर्त मान्य करते. पण तुमचं आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलं, आणि ‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य तुम्ही लोक कोणत्या प्रसंगी वापरता हे मला माहीत आहे. तेव्हा पुढच्या पत्रात जिने चढता की नाही तेवढं स्पष्ट लिहा.

इकडे पाऊस बेताचा, मका गुडघ्याएवढा, नवे पाद्री अजून घरोघरी जेवताहेत. माझी कंबर होती तिथेच दुखते. तुमचे बंधूही होते तसेच आहेत: उजवी बाजू झोपलेली, डावी जागी आणि जीभ संपावर. मक्याची मोकळी उकड आणि आंबट दूध समोर ठेवलं की डावा हात वेळेवर पुढे येतो, तेव्हा भुकेची काळजी नको. काळजी दुसरी आहे. पलीकडची नोबंटू, ती दणकट विधवा, रोज सकाळी त्यांना उचलून बाहेर आणते आणि गुरांच्या वाड्यासमोर भिंतीला टेकवून बसवते. तिथे ते दिवसभर माणसात असतात. कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली ते बघतात, शेजाऱ्याच्या बकऱ्यांवर डोळे वटारतात, येणाजाणाऱ्याला डावा हात करतात. पण नोबंटूला संत्र्यांच्या मळ्यात पॅकिंगचं काम मिळतंय, आणि तिला घरी रोखायचं तर पगार द्यायला हवा. ती गेली की मला त्यांना उचलता येणार नाही. मग त्यांनी पडल्या पडल्या छपराचा पत्रा बघायचा, आणि तो पत्रा तुम्हाला माहीत आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही.

अशात रेडिओवर ऐकलं की ज्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला सतत कोणीतरी सांभाळावं लागतं, त्याच्या पेन्शनवर सरकार आणखी एक भत्ता देतं. सरकार आपणहून काही देतं हे ऐकल्यावर मी आधी रेडिओ बंद केला. मग चौकशी केली. पाद्रींना विचारलं, दवाखान्यातल्या सिस्टरला विचारलं, शाळेत माझ्या जागी आलेल्या मास्तरांना विचारलं. तिघांनीही तंतोतंत सारखंच सांगितलं, तेव्हा ते आधी आपापसात बोलले असावेत असं वाटून मी आणखी महिनाभर थांबले.

इथे मागच्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. एक बाई आली होती. नीटनेटका कोट, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, चेहऱ्यावर हसू. तिने विचारलं, घरात अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का? वन्सं, अनोळखी माणूस असं का विचारतो? एकतर त्याला मर्तिकाचा विमा विकायचा असतो, नाहीतर घरातून काय उचलता येईल याचा अंदाज घ्यायचा असतो. मी तिला सांगितलं की माझा नवरा नांगरायला गेला आहे, बरोबर दोन धिप्पाड मुलगे आहेत आणि कुत्रा चावतो. (मुलगे केप टाउनला, कुत्रा कधीच नव्हता.) दाराआड तुमचे बंधू त्यांच्या अर्ध्या तोंडाने खुदखुदले. तो रेडिओ आहे असं मी सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं, आभार मानले आणि गेली. ती त्या भत्त्याच्याच कार्यालयाची होती हे मला नंतर कळलं. हे तिने आधी सांगायला हवं होतं. (सांगितलं होतं, पण तसं कोणीही सांगतं.)

तर गेल्या आठवड्यात मी तालुक्याला गेले. पेन्शनच्या दिवशी सगळा मुलूख तिथे लोटतो हे तुम्ही जाणता. बाहेर छत्रीखाली एक मनुष्य अर्ज ‘भरून देत’ होता. त्याच्या अक्षरावरून त्याने शाळा कधी सोडली ते मी त्याला सांगितलं आणि आत गेले. रांगेत निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेलेल्या. “बाई आल्या, बाई आल्या,” म्हणत त्यांनी शाली सावरल्या. माझ्यामागे म्हातारी माभेले, चर्चमधली, आपली प्लास्टिकची खुर्ची ढकलत ढकलत पुढे सरकत होती.

खिडकीत अ‍ॅडोनिस नावाचा पोरगेला साहेब होता. केपकडचा. आपली भाषा तो नवे बूट घातल्यासारखी बोलतो, जपून आणि जरा दुखत दुखत. त्याने माझं नाव पडद्यावर शोधलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

“आई, इथे लिहिलंय की अर्जदार नांगरायला गेला होता.”

“ते मी खोटं सांगितलं होतं.”

“मग आज खरं सांगताय हे कशावरून?”

(प्रश्न चांगला होता. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी दिली.) मग त्याने खुलासा केला की हल्ली खोट्या बायका येतात. कुठल्या तरी आजाऱ्याची पत्नी म्हणून सही करतात आणि भत्ता घेऊन पसार होतात. माझ्या नोंदीत आधीच घोळ असल्यामुळे माझी तोंडी परीक्षा घ्यावी लागेल. तोंडी परीक्षेला मी कधी घाबरले नाही. त्याने विचारावं आणि मी सांगावं: नवऱ्याचा जन्म कुठला, नोकरी कोणती (रस्ते खात्यात बुलडोझर), झटका कधी आला, कोणता हात चालतो, रात्री कोणत्या कुशीवर झोपवता. उत्तरं इतकी खणखणीत की रांगेतल्या जुन्या विद्यार्थिनींना माझा अभिमान वाटत असल्याचं मला पाठीवर जाणवत होतं.

“नवऱ्याच्या वडिलांचं नाव?”

“तुमच्या पडद्यावर आहे.”

“मला तुमच्या तोंडून हवंय.”

“दिसत नसेल तर माझा चष्मा घ्या.”

“आई, नाव.”

“ते वारले.”

“बरोबर नावही घेऊन गेले का?”

रांग हसली. सरकारला लोकांच्या मेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावांचं काय करायचं असतं, हा प्रश्न मी तत्त्व म्हणून उपस्थित केला. ही नावं कुठे जातात, कोणाला विकली जातात, त्यावर कोण मर्तिकाचे विमे काढतं. तेवढ्यात मागून माभेलेने खुर्चीवरूनच तोंड घातलं.

“अरे बाळा, तुला कोणत्या आईने वाढवलं? सून कधी सासऱ्याचं नाव घेते का? मरेपर्यंत नाही घेत. नावच काय, नावासारखा शब्दसुद्धा तोंडात नाही येऊ देत. ती सांगत नाही म्हणूनच ती खरी.”

“पण आजी, मागच्या वेळी एकीने लगेच सांगितलं होतं.”

“ती पिवळ्या फडक्याची ना? तिने सासऱ्याचं नाव घेतलं, वर त्याच्या बापाचंही घेतलं, जसं काही बकऱ्या विकायला काढल्यात. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. आणि तू तिला पैसे दिलेस. कोणाची सून होती रे ती?”

अ‍ॅडोनिस पडद्यावर त्या बाईची नोंद शोधू लागला. ती बाई कोणाचीच सून नव्हती हे त्याला त्या क्षणी कळत असावं. पोरगा वाईट नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात मला म्हणाला, “असं असेल तर आधी सांगायचं, आई. मी लिहितो इथे, ‘रिवाजामुळे अर्जदाराची पत्नी नाव उच्चारत नाही.’ साक्षीला या आजी आहेत. काम झालं.”

वन्सं, काम झालं होतं. पण मागे माझ्या शाळेच्या एवढ्या पोरी उभ्या. यांनाच मी वर्षानुवर्षं शिकवलं की नाव म्हणजे नाम, नामाला घाबरायचं नसतं, आणि सासरच्या शब्दांना भिऊन भाषा लंगडी करू नका. मी सांगितलं, “तसं काही लिहू नका. मी कॉलेज शिकलेली बाई आहे. माभेलेची गोष्ट वेगळी, माझी वेगळी.”

“बाईंचं खरंय,” मागून कोणीतरी आगाऊपणे म्हणालं. “बाईंनी आम्हाला शाळेत असल्या गोष्टींवरून उभं केलंय.”

“मग सांगा की नाव,” अ‍ॅडोनिस म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, हे सर्वांत वाईट.

मला ठसका लागला. पाणी आणलं गेलं. ठसका थांबला, पुन्हा सगळे माझ्याकडे बघू लागले, पुन्हा ठसका लागला. शेवटी या कार्यालयाच्या एकूण कारभाराबद्दल मी माझं मत दिलं आणि पिशवी उचलली. अ‍ॅडोनिस खिडकीतून वाकून म्हणाला, “आई, रिवाज लिहू द्या, किंवा नाव सांगा, किंवा घरातलं रक्ताचं माणूस आणा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारपर्यंत मी हा अर्ज उघडा ठेवतो.” माभेले मला माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारून म्हणाली, “माद्लोमो, तुझं शिक्षण बाहेर ठेवून ये पुढच्या वेळी, रांग लवकर सरकेल.” मी तिच्याशी प्रार्थनेतही बोलत नाही सध्या.

असो. हे सगळं केवळ तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहिलं. तुमच्याकडे मागावं असं माझं काही नाही. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या, सुनेने दिलेलं मलम लावण्याआधी त्यावरची तारीख वाचा, नातवंडांचे माझ्यातर्फे गाल ओढा.

तुमची भावजय, जिचं नाव तुमच्या घरच्यांनी लग्नात ‘शांत झालेली’ अशा अर्थाचं ठेवलं (कोणाच्या सांगण्यावरून, याचा तपास चालू आहे),
नोझोलिले

ता. क. पोर्ट एलिझाबेथहून बुधवारी सकाळी टॅक्सी निघते. पांढऱ्या गाडीत बसू नका, तिचा ड्रायव्हर गाणी लावतो आणि दरवाजा दोरीने बांधतो. तुम्ही लेक आहात, तुम्हाला तुमच्या वडिलांचं नाव घ्यायला कोणाची आडकाठी नाही. खिडकीशी उभं राहायचं, एकदा म्हणायचं, आणि संध्याकाळी मी राजमा घालून मका शिजवीन. गुडघा खरोखर बरा असेल तर. नसेल तर नोबंटूला स्टँडवर पाठवते, ती तुम्हालाही उचलेल.

ता. क. दुसरी. तत्त्वाबित्त्वाचं वर लिहिलं ते खरं धरू नका. मी नाव घ्यायचं ठरवलं होतं, तोंडही उघडलं होतं. आतून काही आलं नाही. घरी येऊन कागदावर लिहून बघितलं, तर पहिल्या अक्षरावर पेन थांबलं. वर्गात दरवर्षी त्याच शब्दावरून नाव ठेवलेली चार-पाच मुलं असायचीच, त्यांना मी आडनावाने हाक मारायची. लोक म्हणायचे, बाईंची शिस्त इंग्रजी आहे. हे मी तुमच्या बंधूंना सांगितलं तेव्हा ते आधी अर्ध्या तोंडाने हसले. मग माझ्यासाठी त्यांनी स्वतःच आपल्या वडिलांचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. कपाळावर शिरा येईपर्यंत केला. पहिलं अक्षर आलं. कित्येक महिन्यांनंतरचं त्यांचं पहिलं अक्षर. ते इथे लिहिता आलं असतं तर लिहिलं असतं.

ता. क. तिसरी आणि शेवटची. लोक म्हणतात ही बाई फार संशयी. पण मामंजींच्या नावाचा अर्थ तुम्ही जाणता. माणसं एकमेकांवर जो ठेवतात, आणि मग ज्याचा घात होतो, तो. या घरात आल्यापासून तो शब्द माझ्या तोंडात नाही. बाकीच्या सुना त्या जागी दुसरा शब्द वापरतात. मला तोही सापडला नाही, त्यामुळे ती गोष्टच वापरातून गेली. तरी पाकिटावर रेघ मारून, ज्या घरात मी कोणालाही शिरू देत नाही तिथली सगळी हकीकत मी फक्त तुम्हाला लिहिली आहे. माझा तुमच्यावर जो आहे, तो गुरुवारी खिडकीशी तुम्हीच मोठ्याने म्हणा. मी शेजारी उभी असेन, आणि कानांवर हात ठेवणार नाही.