उलटे बाण

५ एप्रिल
बाराही खाटा अंथरल्या. घोंगड्यांना ऊन दाखवलं. माणूस एक नाही. हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले! आज पायवाट समितीचा कारकून येऊन गेला. मेअखेर वीस मुक्काम झाले नाहीत, तर पायवाटेच्या नकाशातून आमच्या मुक्कामघराचं नाव जाणार. "नियमच आहे, बाई." नियम मला शिकवतो!

९ एप्रिल
कोणी नाही.

१४ एप्रिल
लेकीचा फोन. विकून टाका, आमच्याकडे या – तेच दळण. तीस वर्षं भिजून आलेल्यांना कोरडी खाट दिली, ती शेवटी कुलूप लावायला? पण खरं तर मीच विटले आहे. खिडकीत उभं राहून पाय दुखतात.
यांना मात्र काहीच नाही. जेवताना शीळ घालतात, बटाटे दोनदा मागून घेतात. घर बुडतंय आणि तुम्हाला भूक लागते, म्हटलं. नुसते हसले.

२ मे
दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. म्हणाले, खिंडीपासून इथवरच्या दगडांवरचे सगळे बाण उलटे, खिंडीतल्या मोटाररस्त्याकडे नेतात. ते बाणांचं न ऐकता आमच्या चुलीचा धूर बघून आले.
दरवर्षी मार्चमध्ये ते बाण आमचे हेच रंगवतात. दूधवाल्याच्या गाडीने खिंडीत जायचं, रंगवत घरी यायचं. यंदा गाडी बंद, म्हणून घरातून चालत निघाले – आणि आपण चाललो तिकडेच टोकं काढत गेले असणार! कर्म माझं. ही अक्कल आणि मी संसार केला.

३ मे
सकाळी रंगाचा डबा यांच्यापुढे ठेवला. चला, अजून चार आठवडे आहेत. उठले नाहीत.
"चुकून नाही झालं. मुद्दाम केलं."
मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं. हेच पुढे म्हणाले,
"तीस वर्षांत आपण दोघंच कधी जेवलो, सांग."
एक दिवस आठवेना. तोंडाला येईल ते बोलले. मग घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

४ मे
वेगवेगळे जेवलो.

६ मे
दुपारी चारला तिघं दारात, पाठीवर सामान. त्या गृहस्थांनी पाठवलं म्हणे. पुढचं गाव तासाभरावर आहे, इथे जागा नाही, असं मी सांगितलं. माझ्यामागे बाराच्या बारा खाटा त्यांना दिसत होत्या. चुलीवर बटाटे दोघांपुरतेच ठेवले होते.