बाईसाहेबांच्या लाथेचा पुरावा

प्रिय मित्र आणि आपल्या पलटणीतल्या जनावरांच्या दवाखान्याचे माजी कंपाउंडर,

तुला आणि वहिनींना नमस्कार. तुझं पथ्य चालू असेल आणि त्यावर वहिनींचा पहारा कडक असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत खुब्याच्या वर आणि खुब्याच्या खाली उत्तम आहे. मधलं सांगण्यासाठीच हे पत्र.

आपलं बाईसाहेब नावाचं खेचर तू विसरला नसशील. (माझा उजवा खुबा तर मुळीच विसरलेला नाही.) तिच्या त्या लाथेला तीस वर्षं होत आली, पण गेल्या वर्षापासून सांध्याने असं डोकं वर काढलंय की आमच्या तिसऱ्या मजल्याचा जिना मी पायरीमागे एक उसासा टाकत चढतो. सांधा बदलायला हवा म्हणतात. तो सरकारने बदलून द्यायचा, तर दुखापत नोकरीतलीच आहे हे सिद्ध करायला हवं. म्हणून माजी सैनिकांच्या कचेरीत दावा दाखल केला. तिथल्या बाई फार चांगल्या. त्यांनी लिहूनच दिलं: आज काय दुखतं याचा डॉक्टरी अहवाल, तेव्हा काय लागलं याची नोंद, आणि त्या मारामुळेच हे दुखणं आलं असा डॉक्टरांचा अभिप्राय.

गेलो हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मला टेबलावर आडवं करून पाय असा काही फिरवला की पलटणीत शिकलेले सगळे शब्द मला एकदम आठवले. (बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या हिने ते ऐकले. त्याची सुनावणी घरी वेगळी झाली.) मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, माझी हकीकत ऐकून मजकूर सांगितला, आणि टायपिस्टने तो भराभर उतरवला. चष्मा घरी राहिल्यामुळे मी तो न वाचताच कचेरीत देऊन आलो.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. आमची ही सोबत होतीच. कचेरीतल्या बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि हलक्या आवाजात विचारलं, "आजोबा, आजी काय करायच्या?"

"टीचर होती," मी अभिमानाने सांगितलं.

बाईंनी खुर्ची जराशी मागे घेतली आणि अहवाल माझ्यापुढे सरकवला. त्यात छापलं होतं: 'सेवेत असताना रुग्णाला टीचरने मागून लाथ मारली.' डॉक्टर म्हणाले होते खेचर! हिने कागद दोनदा वाचला, पेन मागून घेतलं आणि खालच्या ओळीतली शुद्धलेखनाची चूक तेवढी सुधारली. लाथ तशीच राहू दिली.

डॉक्टरांनी माफी मागून नवा अहवाल दिला आणि अभिप्रायही चांगला ठणठणीत लिहिला. राहिली तेव्हाची नोंद. पलटणीच्या दवाखान्याचं रजिस्टर वाळवीने खाल्लंय. बाई म्हणाल्या, दुसरा कुठलाही कागद चालेल, पण त्याच दिवसाचा हवा. असो. तुमची खुशाली सवडीने कळव.

तुझा,
लंगडा दोस्त

ता. क. १: सवडीने नको, लगेच कळव. माणसांचं रजिस्टर गेलं, पण जनावरांचं तू निवृत्त होताना रद्दी म्हणून घरी नेलंस, हे मला ठाऊक आहे. त्यात तुझ्या अक्षरात नोंद आहे: 'बाईसाहेब. जवानाला लाथ मारल्याने मागचा खूर सुजला.' (सूज तिची लिहिलीस, माझी नाही!) ते पान, आणि तू हे डोळ्यांनी पाहिलंस असं निवेदन, महिनाअखेरच्या आत पाठव.

ता. क. २: ती का उधळली, हे निवेदनात लिहायचं कारण नाही. न सांगता सुई टोचून तू बाजूला उडी मारलीस आणि मागे मी उभा होतो, हा आपल्या दोघांतला मामला आहे.

ता. क. ३: भाऊजी, हे अक्षर माझं. पाकीट चिकटवण्याआधी मी पत्र वाचलं. दुखणं गेल्या वर्षापासूनचं नाही, दहा वर्षांचं आहे. हे जिना बसून चढतात आणि शेजारी दिसले की बुटाची लेस बांधायला लागतात. दावा कधीच करता आला असता. पण चौकशीत तुमच्यावर ठपका येईल म्हणून ह्यांनी तोंड उघडलं नाही. तेव्हा ते पान टपालाने पाठवू नका, स्वतः घेऊन या. ह्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. माझ्या मनात थोडं आहे. ते तुम्ही समोर बसलात की बोलू.