निजलेला हात

जामसर, ता. जव्हार
१२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, कमळाचा नमस्कार. इकडे सगळं बरं. तिकडचं कळव, आणि कळवशील ते खरं कळव.

फोनवर बोलण्यात काही अर्थ नाही हे आता पक्कं झालं. मागच्या महिन्यात मी टेकाडावर चढले, रेंज सापडेपर्यंत फिरले आणि घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं की नागली झाली. तू रंजनावहिनीला सांगितलंस की बायडीला मुलगी झाली! अरे, माझी सून म्हणजे काय खारूताई आहे? आमचा पांड्या अजून रांगतोय. वहिनीने माणसाबरोबर बाळंतिणीचे लाडू पाठवले, ते आम्ही खाल्ले. पण दादा, कानाला ते यंत्र लावून घे. तोवर आपली पत्रंच बरी.

तर नागली खरंच कापून झाली. फक्त शेवटच्या वेळी विळा डाव्या अंगठ्याला लागला. उपकेंद्रात सिस्टरने पट्टी बांधली आणि उजव्या दंडावर धनुर्वाताची लस दिली. मी अंगणवाडी चालवते, लोकांची पोरं धरून सुया टोचून घेते, तेव्हा माझंच तोंड वाकडं झालेलं कसं चालेल? हसत घेतली.

काही दिवसांनी खांदा असा ठणकायला लागला की कूस बदलवेना. अंगठा राहिला बाजूला, चांगला हातच धरला. आता ठणका कमी आहे, पण हात निजतो. खांद्यापासून बोटांपर्यंत निजतो. काल खिचडीचं पातेलं हातातून सुटलं. अक्षर बघच, कोंबडीचे पाय.

तुझी सगळी नोकरी पाड्यापाड्यांवर लोकांना टोचण्यात गेली, म्हणून तुला विचारते, हे कशाने? इथे कुणाला बोलले नाही. पुढच्या महिन्यात डोसाचा दिवस आहे. पांड्याला तोवर नऊ महिने होतील, त्याचीही गोवराची लस आहे. माझ्या शब्दावर बायका पोरं घेऊन येतात. मीच हात चोळत बसले तर कोण आणेल?

लोभ जुनाच ठेव, कान तेवढे नवे घे.
तुझी कमळा


मोखाडा
२० नोव्हेंबर २०२४

चि. कमळास अनेक आशीर्वाद. कार्डावर जागा कमी आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो.

'हात निजतो' असं लिहू नये. निजतो तो माणूस. शुद्ध मराठीत हाताला मुंग्या येतात. डॉक्टरकडे हाच शब्द वापर, नाहीतर तो तुझ्या झोपेची चौकशी करत बसेल.

लस टोचल्यावर हातात मुंग्या येतात, असं क्वचित कुणाला होतं. नस दुखावते किंवा तिला सूज येते. बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. तरी अंदाजावर राहू नकोस, जव्हारला दाखव. मुंग्या वर चढत गेल्या किंवा हात उचलेनासा झाला, तर त्याच दिवशी जा. यात लस वाईट ठरत नाही. धनुर्वात वाईट.

पाड्यात लपवू नकोस. लपवलेलं दुप्पट होऊन बाहेर येतं.

मला ऐकू व्यवस्थित येतं. हल्ली लोकच पुटपुटतात.

मायेत उणं पडू देऊ नये.
अनंता


जामसर
२ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार. उजवा हात पुरता उचलत नाही, म्हणून नमस्कार अर्धाच समज.

लपवू नकोस म्हणालास ना? आता लपवायला काही शिल्लक राहिलं नाही. तुझं कार्ड दुकानात आलं तेव्हा मी बैठकीला गेले होते. बायडीने ते आणलं. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, वाचायची हौस दांडगी, आणि कार्ड म्हणजे काय, वाटेतल्या सगळ्यांचंच. हापशावर बायका जमल्या होत्या, तिथे तिने एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचलं.

दादा, आपण दोघं शाळेत वाक्प्रचार पाठ करून विसरलो की घरी आपली आई काय बोलायची. आपल्या घरच्या बोलीत हात निजतो. मुंगी एकच, ती जमिनीवर चालते. बायडीने काय वाचलं? लस टोचली की हातात मुंग्या येतात. आणि मुंग्या वर चढायला लागल्या तर त्याच दिवशी जव्हार गाठायचं. झालं! दिवेलागणीपर्यंत सगळ्या पाड्याला कळलं की सुईतून कमळाच्या दंडात मुंग्या गेल्यात. म्हातारी नवशी तर गुळाचा खडा घेऊन आली. कोपराशी ठेव म्हणाली, वासाने बाहेर येतील. अंगणवाडीतली पोरं पाळीपाळीने माझ्या दंडाला कान लावतात. एकाला आवाजही आला म्हणे.

मीही पहिल्यांदा हसले. मग घरात बघते तर बायडीने पांड्याच्या झोळीखाली हळदीची रेघ ओढलेली, साखरेच्या डब्याभोवती ओढतात तशी. माझ्या अंथरुणाभोवतीही होती. मी पांड्याला घ्यायला हात पुढे केला तर ती त्याला घेऊन मागे सरली. आई, नका घेऊ, त्याच्या कानात जातील, असं म्हणाली. अगदी अदबीने म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून मी माझ्या नातवाला लांबून बघते आहे. तो माझ्याकडे झेपावतो आणि ती त्याला वळवून धरते.

डोसाच्या दिवशीही आणणार नाही म्हणते. तिचं बघून बाकीच्याही मागे सरल्यात. त्यात ओढ्यापलीकडच्या पाड्यात दोन पोरांना गोवर निघालाय. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, त्यातली गत.

मी समजावलं. मुंग्या म्हणजे खऱ्या मुंग्या नाहीत म्हणाले. तर ती विचारते, मग मामांनी खोटं लिहिलं का? आता बोल.

मला राग आलाय, दादा. बायडीचा नाही, तुझा.
तरी नातं मोडत नाही,
कमळा


मोखाडा
९ डिसेंबर २०२४

चि. कमळास आशीर्वाद. या वेळी पाकीट वापरलं आहे आणि भाताच्या शिताने नीट चिकटवलं आहे. फोडलेलं आलं तर कळव.

माझ्या मराठीत दोष नव्हता, हे आधी नमूद करतो. वाक्प्रचार बरोबर आहे.

तुझं पत्र रंजनाने मला वाचून दाखवलं. गुळाच्या खड्यापाशी ती हसता हसता खालीच बसली. पुढे हळदीच्या रेघेपर्यंत आली आणि तिने पत्र खाली ठेवलं. मग मला विचारलं की आता पांड्याचं काय. मला ते पहिल्याच खेपेला ऐकू आलं.

नोकरीला नवीन लागलो तेव्हा मी एका पाड्यावर गोवर पाहिला होता. त्याबद्दल तुला कधी सांगितलं नाही, आताही लिहीत नाही. पण बायडी अडाणी आहे असं मनात आणू नकोस. कागदावर लिहिलेलं तिने खरं मानलं. आयुष्यभर लोकांना मी हेच सांगत फिरलो.

डोसाच्या दिवशी मी स्वतः येतो. जुना तक्ता माळ्यावर आहे, त्यावर हाताच्या नसांचं चित्र आहे. बायकांना समोर बसवून सविस्तर समजावून देईन. तासभर लागेल.

जव्हारला गेलीस की नाही, त्याचं पत्रात एक अक्षर नाही. थोरल्याचा एवढा तरी मान राखावा.
अनंता


जामसर
१६ डिसेंबर २०२४

ती. दादास, मनापासून नमस्कार.

तू येऊ नकोस. राग गेलाय माझा, तरी येऊ नकोस. तू तासभर शुद्ध बोलशील, बायका काहीतरी विचारतील, तुला भलतंच ऐकू येईल आणि तू त्याचंही उत्तर देशील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे एकदा पुरे. तक्त्यावरच्या लाल-निळ्या नसा बघून तर त्या म्हणतील की बघा, वारूळच आहे.

जव्हारला जाऊन आले. डॉक्टरांनी तुझाच शब्द वापरून विचारलं, मी हो म्हटलं. नसेला सूज आहे, लशीनंतर असं क्वचित होतं, पण त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही म्हणाले. गोळ्या दिल्यात. भिंतीला तोंड करून बोटांनी हात वर वर चढवायचा व्यायाम आहे. मी तो करते तेव्हा बायडी चुलीपासून बघत राहते. तिला वाटत असेल, मुंग्यांना वाट दाखवतेय.

पलीकडच्या पाड्यातल्या एका पोराला परवा जव्हारच्या दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून बायडीचा जेवणातला घास अर्धाच राहतो. मी टेकाडावरून आमच्या रूपेशला ठाण्याला फोन लावून दिला, तो बायकोला म्हणाला आई सांगते तसं कर. तिने त्याला सुनावलं की तुम्ही तिकडे स्लॅब टाकता, इकडे पोर माझ्या कडेवर आहे. मला ते खोटं वाटलं नाही. ती सुईलाही घाबरते आणि गोवरालाही. दोन्हीकडून आईच घाबरते, दुसरं कोण घाबरणार?

काल नवशी पुन्हा आली, गुळाचं काय झालं बघायला. या वेळी मी तुझा शब्द तोंडातून काढलाच नाही. आपल्या बोलीत सांगितलं, सुईनंतर शीर दुखावली आणि हात निजलाय. नवशीने माझी बोटं दाबून बघितली. निजलाय होय, मग उठेल की, असं म्हणाली आणि निघाली. एकही मुंगी बघायला मिळाली नाही म्हणून थोडी हिरमुसली होती. बायडी सुपात नागली पाखडत होती. तिचं सूप थांबलेलं मी पाहिलं.

दादा, एक काम कर. पाकीट नको, कार्डच लिही. मोठ्या अक्षरात, वरच्या मात्रा-वेलांट्या नीट देऊन, पण शब्द आईचे वापर. ते दुकानात वाचलं जाऊ दे, हापशावर वाचलं जाऊ दे. ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत येईल. डोस २६ तारखेला, गुरुवारी आहे.

तुझ्या शुद्ध मराठीचा मान राखून,
कमळा


मोखाडा
१९ डिसेंबर २०२४

कमळा, बायडी, नवशीकाकी आणि हे कार्ड ऐकणाऱ्या सगळ्यांना अनंताचा रामराम.

कमळाचा हात निजला आहे. सुईनंतर शीर दुखावली, म्हणून निजला. असं फार थोड्यांना होतं. त्यात मुंग्या नाहीत. मुंग्या मी लिहिल्या. मी म्हातारा चुकलो.

निजलेला हात उठतो. सावकाश उठतो, पण उठतो.

गोवराने निजलेलं पोर उठेलच असं नाही. हे मी पाहिलं आहे.

पांड्याला माझे आशीर्वाद.
अनंता


जामसर
२९ डिसेंबर २०२४

ती. दादास, दोन्ही हातांनी नमस्कार. उजवा थोडा खाली आहे, पण आहे.

कार्ड मंगळवारी आलं. दुकानात वाचलं, मग बायडीने हापशावर वाचलं. मी या वेळी मुद्दाम तिथेच घागर घेऊन उभी होते. मुंग्या मी लिहिल्या, म्हातारा चुकलो, या ओळीला बायका खूप हसल्या. शाळेतून सुटलेल्या पोरांनीही तेवढंच पाठ केलंय, दिवसभर ओरडत असतात. गोवराच्या ओळीपाशी बायडी थांबली. नवशीने विचारलं, पुढे काय आहे? तेव्हा तिने ती वाचली. घागरी भरून झाल्या तरी बायका उभ्या होत्या.

तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. कुणाचं पोर होतं, हेही विचारत नाही. पण ते तू त्या कार्डावर लिहिलंस, सगळ्यांसमोर, यासाठी मला तुझे पाय धरावेसे वाटले.

गुरुवारी सिस्टर पेटी घेऊन आल्या. मी अंगणवाडीच्या दारात बसले. मी ठरवलं होतं, विचारलं तर खरं सांगायचं. एकीने विचारलंच, दुखतं का अजून? दुखतं म्हटलं, रात्री कूस बदलताना दुखतं, भांडं अजून सुटतं. पुन्हा सुई घ्याल का, असंही तिने विचारलं. डॉक्टरांना विचारून घेईन म्हटलं. ती पोराची बंडी काढायला लागली. हळूहळू बाकीच्या आल्या. दोघी आल्या नाहीत. त्यांच्या घरी मी उद्या जाणार आहे, तुझं कार्ड बरोबर नेणार आहे.

बायडी सगळ्यांच्या शेवटी आली. सिस्टर म्हणाल्या, पोराला घट्ट धरा. आणि बायडीला तर कोंबडी कापलेलीही बघवत नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कुणी नव्हतंच. मग माझ्या हाताकडे पाहिलं. दादा, किती वेळ पाहत होती ते सांगता येणार नाही. आणि मग तिने पांड्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याने केवढा भोंगा पसरला! तुलासुद्धा मोखाड्यात ऐकू गेला असेल. मग हुंदके देत देत माझ्याच दंडावर डोकं टेकून झोपला. त्याच दंडावर. सिस्टर पेटी आवरून गेल्या, बायका गेल्या. बायडी शेजारी बसून त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपत होती. घरी आल्यावर झोळीखालची हळद तिनेच पुसली, ते मी नंतर पाहिलं.

तिथे बसल्या बसल्या माझा हात पुन्हा निजला, थेट बोटांपर्यंत. बायडीच्या ते लक्षात आलं. तिने विचारलं, आई, जड झालाय, घेऊ का त्याला? मी नको म्हटलं. दोघंही निजलेत, उठतील आपापल्या वेळेला.

तुझी कमळा