मृगापर्यंत टिकणारं सरबत

पिंप्राळा, जळगाव
६ एप्रिल १९६९

तीर्थस्वरूप सौ. बेबाक्कास,
धाकट्या अभिमनचा वाकून नमस्कार. इकडे माय, आबा आणि ऊन, तिघांची प्रकृती ठणठणीत आहे. तुझी पाठदुखी कशी आहे? दाजींचा खोकला गेला का? आखाजीच्या सणाला तुला आणायला मीच येणार आहे. आबा म्हणत होते की मुराळी म्हणून दुसऱ्या कोणाला पाठवू, हा पोरगा रस्त्यात कंडक्टरशी भांडेल. (मागच्या वेळी कंडक्टरचीच चूक होती, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस.)

आता सरबताचं. धुळ्याला निघालेल्या झुलालबरोबर पाठवलेली बाटली तुला कालच मिळाली असेल आणि हे काय नवीन, असं तू म्हणाली असशील. तर ऐक. शिवरात्रीला मी धुळ्याला आलो होतो, तेव्हा तुझ्या शेजारच्या तोताराम नानांकडे बसलो होतो. नाना बाजारच्या सरबताला नावं ठेवत होते, नुसता रंग म्हणून. मी सहज म्हणालो, आमच्या घरी मी स्वतः लिंबाचं करतो, वर्षभर टिकतं. (मी तोपर्यंत चहासुद्धा केला नव्हता. पण आत नानांची लता पोळ्या लाटत होती आणि लाटण्याचा आवाज थांबला होता.) नाना हेडमास्तर होते ना, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वर्षभर राहू दे. तुमच्या हातची एखादी गोष्ट मृगापर्यंत टिकली, तरी पुढचं बोलू." आतून कोणी तरी हसलं. पुढचं म्हणजे काय, ते मला कळलं, तुला कळतं आणि लाटणाऱ्या बाईलाही कळलं असणार.

कॉलेज मी का सोडलं ते नाना अजून धरून आहेत. डेमॉन्स्ट्रेटर म्हणाले, ॲसिड थेंब थेंब सोड, रंग बदलला की थांब. तासभर थेंब सोडून माझं डोकं फिरलं, मी सगळं एकदम ओतलं आणि तुमचं ॲसिड तुम्हीच मोजा म्हणून बाहेर पडलो. इंटर सायन्स तिथेच राहिलं. त्यात एवढं टिकण्या-न टिकण्यासारखं काय आहे, ते तूच सांग.

पहिला घाणा मी एकट्याने केला. शंभर लिंबं होती. प्रत्येक लिंबू पिळताना मला नानांचं 'तरी' आठवायचं, त्यामुळे साल, बिया, सगळं पिळून निघालं. पाक चुलीवरून उतरवला आणि तसाच उकळता असताना रस ओतला. आबांनी एक घोट घेतला, गोठ्यामागच्या कडुनिंबाकडे पाहिलं आणि निंबोळ्या कुठून आणल्या म्हणून विचारलं. मायने रिकामी टोपली पाहिली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "बठ्ठा लिंबू सरनात, आते तूच सरबत व्हय!" आपल्या घरची रेशनची साखरही त्यातच गेली, हे तिने नंतर वेगळं सांगितलं.

तेव्हा समोरच्या मोहनबाई धावून आल्या. (लालचंदशेठच्या घरच्या. तुझ्या लग्नात पापड लाटायला बसल्या होत्या त्या.) त्यांनी आपली मोठी चिनी मातीची बरणी दिली, स्वतःच्या वाट्याची साखर दिली आणि रीत सांगितली: लिंबू तळव्याखाली लोळवायचं, अर्धंच पिळायचं आणि पाक पूर्ण थंड झाल्याशिवाय रसाला हात लावायचा नाही. मी सगळं ऐकलं. फक्त लताला आलं आवडतं म्हणून बरणीत वाटीभर आल्याचा रस माझ्या मनाने घातला. संध्याकाळी मोहनबाई चव बघायला आल्या आणि वासानेच उंबऱ्यावर थांबल्या. आक्का, जैनांच्या घरी जमिनीखालचं काही चालत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. कांदा माहीत आहे, बटाटा माहीत आहे. पण आल्याचं डोक्यात आलं नाही, कारण डोक्यात दुसरंच होतं. बरणी त्यांच्या सासूबाईंची होती. ती आता त्यांच्या स्वयंपाकघरात परत जाणार नव्हती.

त्यांनी रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत म्हणून मीच भडकलो. सुंठ चालते, मग आलं का नाही, दोन्ही एकच की, म्हणून भर दारात वाद घातला. मोहनबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सुंठ वाळून शांत झालेली असते रे अभिमन. तू पण थोडा वाळ." गल्लीतली बेबंद हसणारी तानुबाई तेव्हापासून मला 'ए सुंठ' म्हणते.

तिसरा घाणा परवाचा. साखर आत्याच्या घरून, सुंठ मोहनबाईंच्या घरून, बरणी तीच. (ती त्यांनी मला देऊन टाकली. मी नवी आणून दिली, पण सासूबाईंची ती सासूबाईंची.) सकाळीच पाक उतरवला आणि शेजारी बसलो. मोहनबाई सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत, म्हणजे त्याआधी सरबत तयार हवं आणि आपल्याकडच्या उन्हात पाक निवायला तयार नाही. दर पाच मिनिटांनी मी पातेल्याला बोट लावत होतो. दुपारी त्या खिडकीतून ओरडल्या, "बोट काढ! कुठली गाडी पकडायची आहे तुला?" मग मी हात मांडीखाली घेऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता इतका वेळ बसलो आणि खरं सांगू, बरं वाटलं. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा पाक गार झाला. रस घातला, हळूहळू. बरणीत भरण्याआधीच मोहनबाई आपला पेला घेऊन पायरीवर बसल्या, पश्चिमेकडे पाहिलं, पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. आक्का, विद्यापीठाने पदवी दिली असती तरी मी इतका फुगलो नसतो.

सहा बाटल्या झाल्या. बुचं मेणात बुडवली. पाच बाटल्या गल्लीने दोन दिवसांत संपवल्या, म्हणजे टिकलं की नाही ते कळायला मार्गच नाही. उरलेली सहावी तुझ्याकडे आली आहे. ती नानांना नेऊन दे आणि मृगाला उघडा म्हणावं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीत एकेक धपाटा.

तुझा,
अभिमन

ता. क. बाटली पांढऱ्या काचेची मुद्दाम घेतली. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बाहेरून 'लिंबू सरबत' लिहिलं आहे आणि काचेकडच्या बाजूला पेन्सिलीने लताला दोन ओळी. सरबत गढूळ असल्याने आत्ता काही दिसत नाही. बाटली रिकामी झाली की आरपार वाचता येतं. कशी आहे युक्ती?

ता. क. २. आक्का, घोटाळा झाला. बाटली मृगापर्यंत नानांच्या कपाटात राहणार आणि शेवटचा पेलाही नानाच घेणार. हे पत्र मिळताच बाटली देऊ नकोस. दिली असशील तर साखर मागायच्या निमित्ताने जा आणि चिठ्ठी ओली करून काढ. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. ३. पाकीट घेऊन पोस्टापर्यंत जाऊन परत आलो. राहू दे. काढू नकोस. 'लता, जूनमध्ये इंटरला परत नाव घालतोय. थांबशील का?' एवढंच तर लिहिलंय आणि खाली माझं पूर्ण नाव आहे. वाचू देत नानांना. फक्त मृगाच्या दिवशी त्यांचा चष्मा तेवढा कुठे तरी ठेवून दे. म्हणजे बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला ते लताला हाक मारतील.