चौकाला हो कोणी म्हटलं

प्रिय हर्षा,

मराठीत लिहितोय म्हणून वैतागू नकोस. तुला वाचायला वेळ लागेल, लागू दे. इंग्रजीत लिहिलं असतं तर ट्राममध्ये उभ्या-उभ्या वाचून मोकळी झाली असतीस.

इकडे न्यूनेनला सगळं ठीक. आईने बाल्कनीत लावलेली मेथी थंडीने काळवंडली आणि दोष माझ्या कुंडीला लागला. तुझी जुनी सायकल मी खोलून पुन्हा जोडली. दुकानदाराने साखळी एक कडी लांब लावली होती. असलं मला चालत नाही, आणि तुलाही चालायचं नाही. याच घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी तुला प्रमाण शिकवलं, आपल्या पाड्यावरचं घर एकास पन्नासमध्ये काढून. कुडाची भिंत, शेणाचा गिलावा, आत भाताची कणगी. माझ्याकडे पदवी नाही. तलासरीच्या एका कंत्राटदाराचे नकाशे उलटसुलट धरून शिकलेला माणूस मी, पुढे कॉम्प्युटरवर काढायलाही तसाच शिकलो आणि त्यावरच इथवर आलो. तरी माझ्या नकाशात दार उघडताना कणगीला अडतंय, हे आधी तूच ओरडून सांगायचीस.

तू आर्किटेक्ट झालीस. इथल्या कायद्याने मला कधीच न मिळणारा तो शब्द तुझ्या नावाला लागला, त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले. पुढे तुझ्या ऑफिसने आदिवासींना या व्यवसायात जागा आणि मान मिळावा म्हणून गट केला, तुला त्याची प्रमुख केलं. तू भाषणात म्हणालीस की ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय एक रेघही ओढायची नाही. मी शेवटच्या रांगेत होतो. शेजारच्या डच आजोबांना म्हटलं, ही माझी मुलगी. त्यांनी विचारलंही नव्हतं.

म्हणून परवा तुम्ही बांधताय त्या सभागृहाचं मॉडेल बघायला हेगला बोलावलंस तेव्हा मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलो. आणि बघतो तर प्रवेशदालनाच्या फरशीवर आपल्या वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात तो चौक. मधोमध पालघट देवी. शेजारचा पंचशिऱ्या देवाचा छोटा चौक गायब, तिथे लिफ्टचं दार. मी काही विचारायच्या आत तुझ्या बॉस बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि वारली समाजाच्या वतीने संमती दिल्याबद्दल माझे आभार मानले. उद्घाटनाला समाजातले ज्येष्ठ म्हणून मीच बोलायचं, हेही सांगितलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मॉडेलवरचं एक झाड सरळ करत होतीस. ते सरळच होतं.

चारचौघांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी हसलो, आणि ते हसू तोंडावर घेऊन आइंडहोवन स्टेशनपर्यंत गाडीत बसून आलो.

देवीवरून ओले बूट जाणार, तेही मी अजाणतेपणाची चूक समजून गिळलं असतं. पण तुला माहीत होतं, हर्षा. आत्याच्या मुलीच्या लग्नात तांदळाच्या पिठात काडी बुडवायचा हट्ट धरलास, तेव्हा आत्याने तुला मांडीवर घेऊन समजावलं होतं की चौक सवाशिणींनीच काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाऊन देवीला बोलवायचं, आणि तेही लग्नापुरतंच. मी डोकावलो तर आत्याने मला हाकललं, पुरुषांचं काय काम इथं म्हणून. बाबांना हाकललं म्हणून तू टाळ्या पिटल्यास. म्हणजे चौकाला हो म्हणणं माझ्या हातात नाही, हे तुला तेव्हापासून ठाऊक. आणि त्यातही तू मला विचारलं नाहीसच. ऑफिसला संमतीसाठी एक आदिवासी हवा होता. तू घरातला दिलास. परक्याने केलं असतं तर मी कडाकडा भांडलो असतो. तुझ्याशी कसं भांडायचं ते कुणी शिकवलं नाही, आणि पहिल्यांदाच असं झालंय की माझं मला शिकताही येत नाहीये.

काल आत्याला फोन केला. आमच्या पाड्याची धवलेरी तीच, तिला कळायलाच हवं होतं. आधी पोटभर हसली. म्हणे, लह्या, तू कधीपासून धवलेरी झालास रे, तिकडं लुगडं नेसतोस काय? मग तिने सगळं पुन्हा नीट विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, पोरीला सांग, मी ‘नाही’च म्हणणार. पण विचारायला तर ये म्हणावं.

सोमवारी तुझ्या बाई भाषणाचं ठरवायला मला फोन करणार आहेत. मी हो म्हटलं नव्हतं आणि हो म्हणायचा हक्कही माझा नाही, हे मी त्यांना सांगणार आहे. त्याने तुझं काय होईल, गट राहील की नोकरीही जाईल, याचा सगळा विचार करून झालाय. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल, मधले दिवस तुझे. माझ्याआधी तू सांगितलंस, तर मी फोनवर बाईंना फक्त नमस्कार म्हणेन, आणि आत्याकडे जायची आपली दोघांची तिकिटं काढेन.

तरीही तुझाच,
बाबा