मग तू घरी आलास

४ जून
मिळाली एकदाची नोकरी! विद्यापीठात, इतिहास विभागात. झाडलोट, चहा, खोल्या उघडायच्या आणि लावायच्या. चौथी शिकलेली आई विद्यापीठात चालली म्हणून धाकटी फिदीफिदी हसली. म्हणाली, तिथे जे दिसेल ते वहीत लिही, रोज माझं डोकं खाऊ नकोस. म्हणून लिहिते. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, असू दे. वाचणार कोण?

विभागाच्या मॅडम बऱ्या आहेत, मला मावशी म्हणतात. बाकी सगळी मेलेल्यांच्या मागे हात धुऊन लागलेली माणसं. कधीकाळच्या लढाईवरून तावातावाने भांडतात आणि इकडे चहा गार होतो. चहा दुसऱ्यांदा गरम करून मिळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

इथे का आले ते कोणाला सांगितलं नाही. माझा मुलगा इथेच शिकत होता. त्याची खुर्ची कोणती, ते मला बघायचं होतं.

९ जून
मी कोणाची आई ते मॅडमना कळलं. रडल्या. मी रडले नाही, हातात ट्रे होता.

त्यांनी त्याचं काम दाखवलं. फार पूर्वी जळालेल्या काडेपेटीच्या कारखान्यावर तो लिहीत होता. तिथे राबलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचा. शेवटी तो कारखानाच बघायला गेला आणि जळकी भिंत अंगावर आली. झालं की वर्ष.

मॅडम म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत ऐकत जा. हेडफोन कसा लावायचा ते शिकवलं.

१० जून
ऐकला. माझ्या पोराचा आवाज.

विचारतो, आजी, मग काय झालं? आणि गप्प. घरी ताटावर बसून चुरूचुरू बोलणारं पोर इथे मुक्यासारखं बसलंय. मॅडम म्हणाल्या, यांची पद्धतच तशी. विचारायचं आणि थांबायचं. शांतता सोसवत नाही म्हणून माणूस बोलतं. जे बोलेल ते आधी खरं धरून घ्यायचं, तपासायचं मागाहून. मी म्हटलं, मग काय, कोणीही थापा माराव्यात! मॅडम हसल्या.

रेकॉर्डिंगमधली आजी त्याच्यावर खेकसते, मुडद्या, आधी चहा तरी पी. तो हसतो. तेवढं मी पुन्हा पुन्हा ऐकलं.

१६ जून
आज भलतंच झालं. तीच आजी. त्याने विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? पुढचं मला पाठ आहे, ती म्हणते पेट्या भरत होते. आज बोललीच नाही. शांतता. मग तो म्हणाला, आई, तू कुठे होतीस?

माझ्या तोंडून निघून गेलं, धुणं वाळत घालत होते.

हं, म्हणाला.

मॅडमना ऐकायला लावलं. त्यांना आजीच ऐकू आली. चार दिवस सुट्टी घ्या म्हणाल्या. घरी बसून काय करू, माशा मारू?

१९ जून
आज विचारलं, आई, मी कारखाना बघायला गेलो. मग काय झालं?

त्याला माहीतच नाही. कोणी सांगितलंच नाही त्याला.

गप्प बसला. वाट बघत राहिला. कोणत्या आईची जीभ उचलेल? मी म्हटलं, मग तू घरी आलास. हात धुतलेस. जेवलास. झोपलास.

बरं, म्हणाला. किती खूश झाला!

२० जून
कामावरून आले तर मोरीत काजळीचं पाणी. धाकटीवर ओरडले. ती म्हणाली, मी नाही. पातेलं चाटूनपुसून रिकामं, कडेला विटांचा चुरा.

त्याच्या खाटेवर चादर दबलेली. कोणीतरी निजून उठल्यासारखी. पण माणूस इतका रुंद नसतो. इतका चपटा नसतो.

चादर झटकली नाही मी. हात फिरवला. आला होता माझा राजा.

२२ जून
धाकटी खोकते. रुमालावर लाल भुकटी. म्हणते दादा माझ्या शेजारी येऊन निजतो. म्हणतो, चिमणे, जड आहे गं, उचल ना जरा. तिच्याही छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं.

डॉक्टर म्हणाले काही नाही. काही नाही म्हणे!

२३ जून
धाकटीने खोदून खोदून विचारलं, मी त्याला काय म्हटलं ते सांगून टाकलं. ती रागावली नाही. तेच लागलं मला. म्हणाली, आई, तू घरी आलास म्हणालीस म्हणून आला गं तो. पण भिंतीखालून आलाय.

२४ जून
विभागात गेले. हेडफोन लावून म्हटलं, बाळा, जा आता. तो म्हणाला, कुठे जाऊ? घरीच आलोय ना, तूच सांगितलंस.

खरं सांगितलं तर जाईल. माझ्याच तोंडून पुन्हा मरेल. एकदा मेला तेव्हा निदान मी बघितलं नव्हतं—

२५ जून
कामाला गेले नाही. धाकटीला श्वास पुरत नाही. ओठ निळे—

भरदुपारी घरात धूळ. हेडफोन नाही, तरी विचारतो. मग काय झालं, आई? मग—

आणि थांबतो. ते थांबणं—

उद्या सांगेन. एक दिवस अजून—

नाही. धाकटीला उद्या नाही.

दुपार, तोच दिवस
आवाज फुटत नाही, म्हणून लिहिते. वाच. मागे उभा आहेस, माझ्या मानेवर चुरा पडतोय—

बाळा, मी खोटं बोलले. तू घरी आला नाहीस. मी ताट वाढून बसले होते. माणसं आली, पण तू नाही. मी तशीच अनवाणी पळत—

माझा हात धरू नकोस. लिहू दे. बहिणीकडे बघ तुझ्या—

भिंत पडली, राजा. तू खाली होतास. आणि तू—