फियाटचा खडखडाट

प्रिय सिद्दीक,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फेकून देशील, या भीतीने वरचा पत्ता प्राचीकडून लिहून घेतला आहे. लेकीच्या आडून तुझ्या घरात शिरतोय, एवढीच आज माझी लायकी. उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

खडखडाट सापडला. कुठे आणि कसा, ते सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

शिरूरच्या डॉक्टरांकडून मी ती जुनी फियाट घेतली तेव्हा त्यांच्या पडवीत तिच्यात कोंबड्या बसायच्या, आठवतं? तू सहा महिने खपून तिला उभी केलीस. पहिल्यांदा शिरूरहून दौंडला आणताना आपण इनामगावला थांबलो. शाळा बुडवून घोड नदीत पोहायचो त्याच जागी बॉनेटवर भेळ पसरून खाल्ली, आणि तू म्हणालास, "पोपट, आता हिला दुसऱ्या कुणाचा हात लावू देऊ नको." मी लावला. दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच. जानेवारीत उजव्या दाराची काच अडकायला लागली, तेव्हा म्हटलं, तीस वर्षं कुरकुंभच्या कंपनीत पंप खोलतोय, एका काचेसाठी शिरूरला सिद्दीककडे कशाला जायचं? एका रविवारी दार उघडलं, काच बसवली, दाराचा आतला पत्रा लावला. त्यानंतर आठवड्याने खडखड सुरू झाली.

मी छातीठोकपणे सांगितलं, आवाज डावीकडून येतो. कंपनीत मला कानवाला म्हणतात, हे तुला माहीत आहे. पंपाच्या अंगावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचं. तू बिचाऱ्याने माझ्या कानावर विश्वास ठेवून डावीकडचा शॉकअब्सॉर्बर बदललास, बुश बदलले, सायलेन्सरचा क्लॅम्प आवळलास, सीट काढलीस. चार चकरा झाल्या. उजव्या दाराला हात घालायला गेलास तर मीच खेकसलो, "ते मी बसवलंय, त्याला काय झालंय?"

आणि मग तो दिवस. तुझ्या गॅरेजच्या दारात मी स्टेअरिंगवर, प्राची मागच्या सीटवर, इंजिन चालू, तू माझ्या खिडकीत वाकलेला. बाहेर उतरून पाच गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणालो, की आवाज तूच मुद्दाम ठेवतोस, गाडी परत परत यावी म्हणून. हसीनावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या ट्रे घेऊन तशाच मागे फिरल्या. तू फडक्याला हात पुसत राहिलास. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. मी कंपनीच्या बसमध्येही तेच दहा जणांना ऐकवलं. शिरूर बाजूच्या ज्या तिघांनी तुझ्याकडे गाड्या आणणं बंद केलं, त्यांना तुझ्यात काही खोट दिसली नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

गेल्या रविवारी कवठे येमाईला भागुआत्याकडे निघालो. गाडी प्राची चालवत होती, मी शेजारी. नवल असं, की मी डावीकडच्या सीटवर बसलो तर आवाज आणखी डावीकडे सरकला, थेट माझ्या खिडकीबाहेर गेला. मी म्हटलं, "बघ, डावीकडंच हाय." प्राचीने गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "पप्पा, आवाज माझ्या दारात आहे. मांडीला हादरे बसतायत. सिद्दीकमामा त्या दिवशी खिडकीत वाकून हेच सांगत होते. दोनदा सांगितलं त्यांनी. तुम्ही तोंड फिरवून उतरलात." आम्ही तिथेच रस्त्याकडेला पत्रा काढला. दाराच्या तळाशी दहाचा पाना पडला होता. आम्ही फिटर लोक आपापल्या पान्यावर कंपनीतला आपला टोकन नंबर ठोकतो ना, त्यावर माझाच नंबर होता.

सिद्दीक, मी त्या दिवशी तोंड फिरवलं नव्हतं रे. मला ऐकूच आलं नव्हतं. माझा उजवा कान गेला आहे. दोन वर्षं झाली. जे काही ऐकतो ते डाव्या कानानेच, त्यामुळे जगातला प्रत्येक आवाज मला डावीकडूनच येतो. मांडीला लागून खडखडणारा पानासुद्धा. कंपनीत दरवर्षी कानाची तपासणी होते, तिथे बंद खोलीच्या काचेतून, आवाज सोडणाऱ्या नर्सचं बोट बघायचो. बोट हललं की बटण दाबायचो. कानवाल्याचा कान गेला हे कुणाला कळू नये म्हणून मी नर्सला फसवलं, बायकोला फसवलं. आणि आवाज कुठून येतो ते मला कळत नाही, एवढं एक वाक्य तुझ्यापाशी बोलायची लाज वाटली म्हणून तुला चोर ठरवलं. पन्नास वर्षांच्या मित्राला. लिहितानाही मान वर होत नाही.

सोमवारी कंपनीच्या डॉक्टरांना खरं सांगितलं. पंपांवरून काढून मला स्टोअरला टाकलं आहे. बसमध्ये उभं राहून सगळं सांगितलं. पोरं हसली, तरी शेवटपर्यंत सांगितलं. पण मी तुझी बेइज्जती बसमध्ये नाही, तुझ्या गॅरेजच्या दारात केली होती. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी दहा वाजता, तुझ्याकडे गर्दी असते तेव्हा, मी येतोय. असतील नसतील ती सगळी गिऱ्हाइकं उभी असताना माझी चूक माझ्या तोंडाने सांगणार आहे. वहिनींनाही बाहेर बोलाव. नंतर तुला काय बोलायचं असेल ते बोल, शिव्या दे, चालता हो म्हण. फक्त माझ्या डाव्या हाताला उभा राहून बोल. या खेपेला तुझा एकही शब्द मला चुकवायचा नाही.

तुझाच,
पोपट